बसून खाणाऱ्यांची मोजदाद

३ मार्च

विजेचा मीटर मागवला होता, त्याच्या खोक्यात ही डायरी फुकट निघाली. मीटरचे आकडे थेट कॉम्प्युटरमध्ये भरायचेत, मग हिचं काय करायचं? रिकामी पडलेली वस्तू मला बघवत नाही. म्हणून हिला कामाला लावते आहे.

आमची कंपनी लोकांची पार्सलं पोचवते. कोणतं पार्सल कुठे आहे हे लक्षात ठेवणारे सर्व्हर तळमजल्यावरच्या यंत्रखोलीत असतात आणि त्या खोलीची मालकीण मी. मालकीण म्हणजे काही बंद पडलं की बोलणी खाणारी. आज विजेचं बिल बघून बचतसाहेबांना घाम फुटला. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, आम्ही सगळे बचतसाहेबच म्हणतो. कागदाच्या दोन्ही बाजू वापरा, हे फर्मान त्यांनी एकाच बाजूवर छापून वाटलं होतं.

"मॅडम, यातली किती यंत्रं नुसती बसून आहेत आणि बसल्या बसल्या किती वीज खातात, ते मोजा," ते म्हणाले. "जी नुसती खातायत, ती बंद."

इतक्या वर्षांत साहेबांचं एखादं वाक्य मला पहिल्यांदाच मनापासून आवडलं.

घरी सांगितलं तर नवऱ्यानं विचारलं, "नुसतं बसलेलं यंत्र ओळखायचं कसं?"

"सोपंय. तुझ्याशेजारी ठेवून बघायचं."

टिकली, म्हणजे आमचं कन्यारत्न, हसली नाही. आई हसली नाही. तो मात्र हसला आणि उठून पाणी भरायला गेला. त्याचा छापखाना बंद पडून वर्ष होत आलं. राहतो आम्ही माझ्या आईच्या घरात, म्हणजे घरजावई तो आधीपासूनच होता. आता नुसता घरी असतो एवढाच फरक.

५ मार्च

पहिल्याच फेरीत पराक्रम. दहा सर्व्हर मोजले आणि आकडे इतके कमी आले की मला शंका यायला हवी होती. आली नाही. चांगल्या बातमीवर शंका घ्यायचं वळण मला कुणी लावलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीआधीच बचतसाहेबांनी सगळ्या मजल्यांवर कळवून टाकलं की आपली यंत्रं मुळातच काटकसरी आहेत.

मग बॅकअपबुवा आले. रोजच्या माहितीची नक्कल काढून ठेवणं हे यांचं काम आणि उद्या सगळं बुडणार ही यांची श्रद्धा. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मॅडम, प्रत्येक सर्व्हरला वायरी किती?"

"दोन. एक गेली तर दुसरी असावी म्हणून."

"आणि मीटर कितींना लावलात?"

एकीला लावला होता. म्हणजे सर्व्हर एका हातानं किती खातोय तेवढंच मी मोजत होते आणि तो दुसऱ्या हातानं निवांत जेवत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

६ मार्च

पुन्हा मोजलं. सगळे आकडे दुप्पट. यावर साहेबांनी मजल्यांवर काही कळवलं नाही.

१० मार्च

आठवडाभर त्या गारठ्यात शाल गुंडाळून मोजते आहे. ज्ञान असं मिळालं: सर्व्हर भर कामात जेवढी वीज खातो, तिच्या जवळजवळ निम्मी तो काहीही न करता खातो. दिवे लुकलुकतात, पंखे घुमतात, बघणाऱ्याला वाटावं केवढी घाई! आत बघावं तर शुकशुकाट. वर, बसलाय की नाही हे बघायला आपण आत शिरलो की आपल्याला बघून तो खडबडून कामाला लागतो आणि आकडा वाढतो. म्हणून आता आधी मीटर लावते, खोलीबाहेर जाऊन चहा घेते आणि आल्यावर नोंद वाचते. सरकारी तपासणीवाल्यांना ही युक्ती कळवायला हवी.

सर्वांत नामांकित बसकं यंत्र शेवटच्या रॅकच्या तळाशी सापडलं. जुनं, चपटं, वरची चिठ्ठी गळून पडलेली. कुणी आणलं, कशासाठी आणलं, कुणाला ठाऊक नाही. दिवसभराचं काम एक टक्कासुद्धा नाही. बाकीची यंत्रं अधूनमधून याला टिचभर काहीतरी विचारतात, हा टिचभर उत्तर देतो. बस. ख्यालीखुशाली चालली असावी. खायला काळ, भुईला भार. मी त्याचं नाव 'जावईबापू' ठेवलं. बुवा म्हणाले, "मॅडम, नाव ठेवताना जपून." मी म्हटलं, घरच्या अनुभवावरून ठेवलंय.

१२ मार्च

दादांचा फोन आला होता. दादा म्हणजे माझे मोठे दीर. त्यांचा दुसऱ्या गावी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर छपाई करायचा कारखाना आहे. छपाई जाणणारा भरवशाचा माणूस हवाय, घरचाच असला तर बरं, राहायला खोली आहे, असं म्हणाले.

नवऱ्यानं मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "काय करू? जाऊ का?"

"मला काय विचारतोस? घोड्याएवढा झालास."

"तसं नाही. गेलो तर मग तिकडचाच होऊन जाईन. तुला काय वाटतं?"

मला वाटत होतं की कुकरची शिट्टी बिघडली आहे. तेच सांगितलं. त्यानं शिट्टी धुऊन परत बसवली आणि ती वाजली.

१५ मार्च

आज पुन्हा विचारलं. काही लोकांना हुकूम तीन प्रतींत लागतो.

"तू नको म्हणालीस तर नाही जाणार," म्हणाला.

"मी कशाला नको म्हणू? महिनाभर जाऊन बघ. आमचं अडलं तर ओरडूच की आम्ही."

मग म्हणाला, "ओरडशील ना पण?"

हे मी सहज बोलले नव्हते, त्यामागे शास्त्र आहे. आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. यंत्र कुणाचं ते कळत नसेल तर सरळ त्याची वायर उपटायची आणि गप्प बसायचं. ज्याचं अडतं तो ओरडत येतो. दोन आठवडे कुणीच ओरडलं नाही, तर यंत्र भंगारात. हिला आम्ही ओरड-परीक्षा म्हणतो. आजवर या परीक्षेनं मला कधी फसवलेलं नाही. सोमवारी जावईबापूंची वायर काढणार आहे, साहेबांची परवानगी मिळाली.

१७ मार्च

काल नवरा गेला. एक बॅग, एक पिशवी. दारातून परत आला, भिंतीवरच्या घड्याळाशी काहीतरी खुटखुट केली आणि मग गेला. निघताना यांना नेहमी काहीतरी आठवतंच. आईच्या पाया पडला. आई म्हणाली, "जपून राहा हो." टिकली दार लावून आत बसली होती, ती काही आली नाही.

आज सकाळी जावईबापूंची वायर उपटली. पंखा कण्हल्यासारखा करत थांबला. खोलीत एवढ्या पंख्यांच्या गदारोळात एक पंखा थांबल्याचं काय कळणार? पण मला कळलं. कान तयार आहे माझा.

२४ मार्च

आठवडा झाला. दोन्हीकडे शांतता.

ऑफिसात कुणी ब्र काढला नाही. घरी तर सुखच सुख. सोफ्यावर पेपरांचा पसारा नाही. "आज काय झालं ऑफिसात?" हा रोजचा प्रश्न नाही. आईला विचारलं, "काही अडतंय का?" आई म्हणाली, "मला काय अडायचंय? चाललंय." टिकलीला विचारलं, तिनं खांदे उडवले.

मीटर घरी आणून नवऱ्याच्या गैरहजेरीतली वीज मोजते आहे. घरातला एक बसून खाणारा कमी झाला की बिल किती उतरतं, हे कुणीतरी शास्त्रशुद्ध मोजायलाच हवं होतं.

४ एप्रिल

अहवाल दिला. बंद केलेली यंत्रं सहा, त्यात जावईबापू पहिल्या क्रमांकावर. बचतसाहेबांनी भर बैठकीत माझं कौतुक केलं आणि बक्षीस म्हणून सगळ्यांना अर्धा अर्धा कप चहा दिला. दोन आठवडे उलटले आणि ओरड शून्य. म्हणजे जावईबापू भंगारात जायला मोकळे. भंगारवाला येईपर्यंत त्यांना जिन्याखाली उभं करून ठेवलं आहे.

घरचा मीटर बहुतेक बिघडला. नवरा गेल्यापासून वापर कमी होण्याऐवजी वाढलेला दाखवतो. गिझर दुपारपर्यंत चालू, गच्चीतला दिवा दिवसाही चालू, टिकलीच्या खोलीतला पंखा ती शाळेत असतानाही चालू. हे सगळं आधीही असंच असणार ना? मग आधीच्या बिलात का दिसलं नाही? मीटर बदलून मागवला पाहिजे.

११ एप्रिल

टिकलीची शाळेची बस आज पुन्हा चुकली. या आठवड्यात दुसऱ्यांदा. मी तिला रागावले तर म्हणाली, "मी घड्याळ बघूनच निघाले होते." भिंतीवरचं घड्याळ पाहिलं तर मागे पडलेलं. मागेच मी नवे सेल टाकले होते आणि वेळ लावून दिली होती. हल्ली सेलही भेसळीचे मिळतात. पुन्हा नवे टाकले.

नवऱ्याचा फोन आला. "कसं चाललंय?"

"ठीक. तुझं?"

"ठीक. काही अडत नाही ना?"

"छे! काय अडणार?"

फोन नुसताच चालू होता, वीज खर्च होत होती. शेवटी मीच ठेवला.

खरं सांगायचं तर आज ऑफिसात पार्सलाच्या एका खोक्यावरची छपाई तिरकी आली होती आणि हे त्याला सांगायला हवं, असं माझ्या मनात आलं होतं. फोनवर विसरले. फारसं महत्त्वाचं नव्हतं.

२१ एप्रिल

बचतसाहेब सातव्या आसमानात. खिडकीवर पार्सल घेतल्यापासून ते आतल्या सरकत्या पट्ट्यावर जाईपर्यंत किती वेळ लागतो, याचा तक्ता दर आठवड्याला निघतो. तो वेळ भराभर उतरतो आहे. माणसं तीच, पट्टा तोच, खिडकीवरचा कारकून तर तसाच पेंगत असतो. पण साहेबांचं म्हणणं असं की निरुपयोगी यंत्रं काढून टाकल्यामुळे बाकीच्यांना हुरूप आला. "मॅडम, आळस संसर्गजन्य असतो," म्हणाले. मी विनयानं मान खाली घातली. फुकटचं श्रेय परत करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

बॅकअपबुवा मात्र तक्त्याकडे बघत उभे होते. "इतकं चांगलं कसं चाललंय?" असं तीनदा पुटपुटले. त्यांना चांगली बातमी पचत नाही.

२९ एप्रिल

आज तक्त्यातला वेळ शून्याच्या खाली गेला.

म्हणजे गिऱ्हाइकानं खिडकीवर पार्सल द्यायच्या आधीच ते आमच्या आतल्या पट्ट्यावर येऊन पडलेलं असतं. साहेबांना हे दाखवलं. ते क्षणभर गोंधळले आणि मग म्हणाले, "बघा, म्हणजे आपण गिऱ्हाइकाच्याही पुढे आहोत." हे वाक्य ते फळ्यावर लिहून ठेवणार आहेत.

मला आता शंका येते आहे, पण कशाची ते कळत नाही.

घरी आले तर आई पलंगावर पडून होती. गरगरतं म्हणाली. "संध्याकाळची गोळी घेतलीस?" तर म्हणे, "ती ते द्यायचे." ते म्हणजे जावई. "मग गेला महिनाभर?" "कधी आठवली तर घेते." मी डोक्याला हात लावला. "अगं, मला सांगायचं नाही?" आई म्हणाली, "तू कामात असतेस." डॉक्टरांना फोन केला, गोळी दिली, घाबरायचं कारण नाही म्हणाले. मी मात्र घाबरले.

त्यातच टिकलीनं बातमी दिली. तिला बाबाचा फोन आला होता. दादाकाकांनी त्याला कायमचं राहायला सांगितलंय आणि येत्या अकरा तारखेला, रविवारी, तो शब्द देणार आहे.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? तुमचं मोठ्यांचं आहे," टिकली म्हणाली. अगदी माझ्या आवाजात म्हणाली.

६ मे

आज ओरडा झाला. असा झाला की तळमजल्याच्या भिंती हादरल्या.

सकाळी निम्म्या लोकांना कॉम्प्युटर आतच घेईनात. पासवर्ड बरोबर, माणूस ओळखीचा, तरी 'तुम्ही कोण?' हजेरीच्या दारानं वेळेवर आलेल्यांना उशीर लावला आणि उशिरा आलेल्यांना शाबासकी दिली. बुवांच्या नकला उलट्या क्रमानं लागल्या. कालची आज आणि आजची काल. बुवा मात्र कधी नव्हे इतके टवटवीत दिसत होते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते आलं एकदाचं. साहेब खाली येऊन ओरडले, मग वर जाऊन फोनवरून ओरडले.

मी सगळं तपासलं. वायरी, डिस्क, पासवर्ड, व्हायरस. सगळं ठणठणीत. संध्याकाळी हात हलवत घरी आले.

घरी भिंतीवरचं घड्याळ पुन्हा मागे. दिवसभराचा राग मी त्याच्यावर काढला. "इतकी वर्षं कसं बरोबर चाललं होतं हे, आणि आत्ताच काय धाड भरली याला?"

आई पलंगावरून म्हणाली, "बरोबर कुठलं चालायला? माझ्या लग्नातलं घड्याळ ते, पहिल्यापासूनच मागे पडतं. जावई रोज सकाळी उठले की पुढे करायचे."

"रोज?"

"रोज. आधी तुझे बाबा करायचे, मग हे करायला लागले."

"आणि मला हे कुणीच कसं सांगितलं नाही?"

"तू कधी विचारलंस?"

मी स्टुलावर उभी होते, हातात घड्याळ. तशीच उभी राहिले.

कॉम्प्युटरच्या पोटातही घड्याळ असतं. प्रत्येकाच्या. आणि तेही आईच्या घड्याळासारखंच असतं, कुणाचं थोडं मागे पडतं, कुणाचं पुढे पळतं. म्हणून ती सगळी अधूनमधून एका ठरलेल्या यंत्राला विचारतात, बाबा रे, किती वाजले? ते सांगतं. बस, एवढंच. टिचभर प्रश्न, टिचभर उत्तर. एक टक्कासुद्धा काम नाही. आणि ते बंद केलं तर कुणी ओरडत नाही. त्या दिवशी नाही, दोन आठवड्यांतही नाही. प्रत्येक जण आपापल्या चुकीच्या वेळेवर समाधानानं चालत राहतो. आतलं घड्याळ खिडकीच्या घड्याळाच्या मागे पडतं आणि साहेबांना वाटतं काम वेगात चाललंय. एकमेकांतला फरक पुरता वाढला की मग कुणीच कुणाला ओळखत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! जावईबापू जिन्याखाली उभे आहेत. भंगारवाला उद्या येणार आहे.

७ मे

भंगारवाल्याच्या हातगाडीवरून जावईबापूंना खेचून उतरवलं. तो म्हणाला, "मॅडम, याच्यात काही नाही हो." मी म्हटलं, "माहितेय. तरी द्या."

जागेवर नेऊन वायरी लावल्या. पंखा घुमला. बरीचशी यंत्रं तासाभरात हळूहळू सरकत ताळ्यावर आली. पण ज्यांचा फरक फार वाढला होता ती ऐकेनात. तशी सोयच असते त्यांच्यात. अंतर जास्त असलं तर ती वेळ सांगणाऱ्यावरच विश्वास ठेवत नाहीत. त्यांना वाटतं हाच चुकला. अशा प्रत्येक यंत्रापाशी स्वतः जाऊन हातानं काटा लावून द्यावा लागतो. दिवसभर तेच केलं.

साहेब म्हणाले, यंत्रावर डोळ्यांत भरेल अशी पाटी लावा. मी लावली: 'हे यंत्र काहीही करत नाही. बंद करू नये.'

बुवांनी पाटी वाचली आणि विचारलं, "घरचं कधी लावताय?"

"काय?"

"वायर," बुवा म्हणाले आणि चष्मा नाकावर घेऊन निघून गेले.

९ मे

फोन केला. मीच केला, हे नोंदवून ठेवते.

"आईचं घड्याळ मागे पडतं," मी म्हणाले.

"हो. रोज थोडं पुढे करायचं."

"तू कधी बोलला नाहीस."

"त्यात काय बोलायचं?"

मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. मी म्हणाले, आईला बरं आहे, टिकलीला बरं आहे. तो म्हणाला, "मग चांगलंय. तुमचं काही अडत नाही म्हटल्यावर मी परवा दादाला हो म्हणतो." आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. ऑफिसातली ती न ऐकणारी यंत्रं आठवली.

मला म्हणायचं होतं, नको. एवढा दोन अक्षरांचा शब्द. पण इतक्या वर्षांत टोमण्याशिवाय काही बोलायची सवयच राहिली नाही आणि टोमणा सुचेना. "बघ तुझं तू," असं तोंडातून गेलं. फोन ठेवल्यावर मी स्वतःला दोन शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही.

उद्या शनिवार. रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, तर सांगितलं, घड्याळ दुरुस्तीला न्यायचंय.

१० मे

परतीच्या बसमध्ये लिहिते आहे. अक्षर हलतंय, त्याला माझा इलाज नाही.

घड्याळ खरंच नेलं होतं. पिशवीत, टॉवेलात गुंडाळून. एवढ्या लांब नुसतं तोंड घेऊन कसं जायचं?

दादांचा कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड आणि आत छपाईयंत्रांचा असा आवाज की आमची यंत्रखोली त्यापुढे वाचनालय वाटावी. तो पार शेवटच्या यंत्रापाशी होता. बाराखडी गिरवणाऱ्या मुलासारखा वाकून, छापून आलेलं प्रत्येक खोकं डोळ्यांशी नेऊन बघत होता. वाळला होता. मला पाहून हातातलं खोकं तसंच धरून उभा राहिला.

"घड्याळ आणलंय!" मी म्हणाले.

त्यानं कानावर हात नेला. ऐकू येत नव्हतं.

"घरी चल!"

त्यानं मान हलवली, ऐकू येत नाही.

इथपर्यंत येऊन हे असं. मला इतका राग आला, माझाच, की पोटातला होता नव्हता तेवढा सगळा दम गोळा करून ओरडले, "अरे, अडतंय! सगळं अडतंय तुझ्यावाचून! माझं अडतंय!"

मी ओरडतेय हे बघून त्यानं ऐकू यावं म्हणून नेमकं तेव्हाच यंत्र बंद केलं. त्याबरोबर पुढचा पट्टा थांबला, त्याच्या पुढचा थांबला, आणि 'माझं अडतंय' हे शेवटचे शब्द त्या पत्र्याखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घुमले. सगळे कामगार माझ्याकडे बघत होते. एका बाईंनी तर पदर तोंडाला लावला. मला रडू आलं. हे लिहून ठेवते, कारण उद्या मी ते कबूल करणार नाही.

तो आला. हात फडक्याला पुसले, पिशवीतून घड्याळ काढलं, शेडमधल्या घड्याळाकडे बघितलं आणि बोटानं काटा पुढे सरकवला.

"उद्या परत मागे पडेल हे," म्हणाला.

"माहितेय. म्हणून तर आलेय."

तो हसला. तीन मार्चला हसला होता तसा नाही. हे हसू वेगळं होतं, मला पूर्वीपासून माहीत असलेलं.

एवढ्यात केबिनच्या दारातून दादा ओरडले, "अरे, यंत्र कुणी बंद केलं? सगळा माल अडलाय!" म्हणजे ओरड-परीक्षेत तो इथेही पास.

"हातातलं काम संपायला महिनाअखेर होईल," तो म्हणाला. "तेवढा शब्द दिलाय दादाला."

"तेवढाच दे. कायमचा देऊ नकोस."

"नाही देत." मग घड्याळ माझ्या हातात देत, "सुट्टी व्हायला अजून अवकाश आहे. कंटाळशील. जातेस की थांबतेस?"

यंत्रं पुन्हा सुरू झाली. मी कोऱ्या खोक्यांच्या ढिगावर, घड्याळ मांडीवर घेऊन, सुट्टी होईपर्यंत काहीही न करता बसून राहिले.